हाकाऱ्याचा वाटा

रविवारी सकाळी मागचं दार उघडलं तर पायरीवर पांढऱ्या कागदात बांधलेलं एक पुडकं होतं आणि त्यावर पेन्सिलीनं माझं नाव होतं. नाव म्हणजे 'डिग्ज'. शेजारचा वॉल्टर मला गेली बारा वर्षं डिग्ज म्हणतो. दिगंबर त्याच्या तोंडात मावत नाही आणि मीही कधी ते कोंबायच्या भानगडीत पडलो नाही. नावाखाली दोनच शब्द होते, 'युअर शेअर'. तुझा वाटा. पुडकं उचललं. गार होतं, जड होतं, कागदाच्या घडीतून थोडं गुलाबी पाणी पायरीवर उतरलं होतं. आणि मी, पन्नाशीला टेकलेला, युनिव्हर्सिटीत कानावर संशोधन करणारा, इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला लोकांनी भुताच्या गोष्टी काढल्या की त्यात शास्त्रीय खुसपटं काढणारा, तिथेच त्या ओल्या पायरीवर मटकन बसलो. भीती वाटली. ती लपवावी असं आसपास कुणी नव्हतं, म्हणून चांगली पोटभर वाटली. वरच्या खोलीत उत्तरा, माझी बायको, जागी होती. कालपासून ती माझ्याशी बोलत नव्हती.

वाटा कशाचा ते मला ठाऊक होतं. मिशिगनात पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी कारखाने ओस पडतात आणि आमची अर्धी लॅब आजारी पडते. यंदा तो शुक्रवार होता. मी चारच्या सुमाराला घरी आलो तेव्हा वॉल्टर कुंपणापाशी उभा होता, अंगात नारिंगी जाकीट, हातात बंदूक, आणि चेहरा ओशाळलेला. त्यानं गोळी घातलेली हरिणी पडली नव्हती. जखमी होऊन ॲन आर्बरच्या आमच्या या कडेच्या घरांमध्ये शिरली होती. दुसऱ्याच्या आवारात जायचं तर विचारावं लागतं आणि वॉल्टर कायद्याचा माणूस. मी ये म्हटलं. मग त्यानं विचारलं, ती कुठे गेली ते पाहिलंस का? मी पाहिलं होतं. गाडी लावताना गॅरेजच्या मागे, जिथे आम्ही पानांचे ढीग करतो तिथे, ती तीन पायांवर उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तोंडानं काही बोललो नाही. नुसतं बोट केलं. दहा मिनिटांनी एक बार ऐकू आला, तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होतो.

आमच्या गावात, कुडाळच्या पलीकडे, शिकारीचा वाटा हा सगळ्या कायद्यांहून मोठा कायदा. होळीच्या आधी गाव रान उठवायचं. बंदुका चार-पाच, बाकी सगळे हाकारे. डबे, ढोल, काठ्या आणि गळे घेऊन एका ओळीत रानात शिरायचं आणि ओरडत ओरडत जनावर बंदुकीकडे ढकलायचं. आमचं घर पिढीजात हाकाऱ्यांचं. आमच्यातल्या कुणी कधी काही मारलं नाही, हे वडील फार अभिमानानं सांगायचे. सावज पडलं की वाटे घालायचे. ज्याची गोळी त्याला मुंडकं आणि एक फरा, म्हणजे अख्खी तंगडी, मग प्रत्येक हाकाऱ्याला वाटा, कुत्र्याला वाटा, आणि वाटेनं जाणाऱ्या एखाद्यानं नुसतं 'हो हो, तिकडे' म्हटलं असेल तर त्यालाही वाटा. त्यानं नको म्हटलं तरी त्याच्या दारात नेऊन ठेवायचा. तोंड वाजवलंस, वाटा घे, असं म्हणायचे.

आणि माझे एक चुलत आजोबा होते, बाळआजोबा, त्यांच्यापाशी दुसरी एक पारध होती, राजाची. कुणी एक राजा अमावास्येला शिकारीला गेला, नको नको म्हणताना गाभण भेकर मारलं, आणि त्याच दिवशी आपल्या माणसांसकट रानात नाहीसा झाला. तेव्हापासून अमावास्येच्या आसपास, आणि रात्री नव्हे तर भर दुपारी, कावळासुद्धा गप्प असतो तेव्हा, त्याची पारध गावावरून जाते. दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. लांबून माणसांची ओळ ओरडत येते, आणि आवाज ओळखीचे असतात, गेलेल्या माणसांचे. हाकारे कमी पडतात म्हणून ती माणसं घराघराला विचारत जातात, इकडे आली का, इकडे आली का. तेव्हा नाही म्हटलं तर चालतं, दार लावून घेतलं तर चालतं, पण हुंकार देऊ नये. नुसतं हं म्हटलं की संपलं. दुसऱ्या दिवशी दारात पानात बांधलेला वाटा येतो. तो कशाचा ते विचारायचं नसतं, आणि हं म्हणणारा पुढच्या पारधीला ओळीत उभा असतो. गोष्ट ऐकताना हुंकार द्यायची मला सवय होती. बाळआजोबा नेमके तिथेच थांबायचे, माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी तोंडापर्यंत आलेला हं गिळायचो. त्यांना त्याची फार मजा वाटायची.

सुमेधा आमच्याकडे बुधवारी आली, पाडव्याला. पंच्याऐंशी सालची दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली होती, मंगळवारची अमावास्या नुकती सरली होती, आणि गावोगावच्या मराठी बायका नवऱ्यांना ओवाळत होत्या त्या दिवशी ही एक पिशवी घेऊन उत्तरा काम करते त्या लायब्ररीत जाऊन उभी राहिली. वय सत्तावीस, लग्नाला दोन वर्षं. नवरा अतुल, मोटारींच्या कंपनीत इंजिनियर, मंडळाच्या नाटकात हमखास टाळी घेणारा, मोठ्यांच्या वाकून पाया पडणारा. तो मारायचा. उत्तरानं तिला घरी आणलं आणि मला दारातच सगळं सांगून टाकलं. प्रश्न फक्त सोमवारपर्यंतचा होता. सुनेत्रा नावाची सुमेधाची कॉलेजातली मैत्रीण शिकागोत डॉक्टर होती. रविवारपर्यंत तिची हॉस्पिटलात ड्युटी होती, सोमवारी सकाळी नऊला ती स्वतः ड्राइव्ह करत येऊन हिला घेऊन जाणार होती. तिकडे वकील ठरला होता, राहायची सोय झाली होती. तोवर कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही, एवढंच आमचं काम. मी म्हटलं, त्यात काय मोठं. आमची मुलगी सीमा कॉलेजला गेल्यापासून तिची खोली रिकामीच होती.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. तिला इथे भाऊ नाही, मला बहीण नाही. उत्तरानं पाट मांडला, सुमेधानं मला ओवाळलं, मी तबकात एक निळा स्वेटर ठेवला, तोही उत्तरानंच आणलेला. ओवाळताना तिच्या दंडाच्या आतल्या बाजूला पिवळे पडत चाललेले डाग दिसले. मला दया आली, खरंच आली. पण दयेबरोबर आणखीही काही आलं आणि ते लिहिल्याशिवाय सुटका नाही. ती आल्यापासून मी तिच्या कानांकडे बघत होतो. फार तिखट कान. वरच्या खोलीत बसून तिला रस्त्याच्या टोकाला वळणारी गाडी ऐकू यायची. बोलता बोलता ती थांबायची, मान किंचित उचलायची, आवाजाची दिशा पकडायची, आपली नव्हे असं ठरलं की अर्ध्यावरचं वाक्य पुढे चालू करायची. लॅबमध्ये मी हेच बघतो. गिनीपिगच्या कानात आवाज सोडायचा, तो वाढवत न्यायचा, आणि कुठल्या क्षणी आतलं यंत्र कायमचं बिघडतं ते टिपून ठेवायचं. अठरा वर्षं हे करतोय, त्यावर माझं नाव झालंय. संध्याकाळी जेवताना तिनं विचारलं, "दादा, त्यांना दुखतं का हो?" मी सांगितलं की त्यांना भूल दिलेली असते. "आणि भूल उतरल्यावर?" तिनं साधेपणानंच विचारलं होतं. उत्तरा हसली. मला ते हसणं झोंबलं. दोन दिवस त्या दोघींची स्वयंपाकघरात खुसपूस चालायची आणि मी आत आलो की आवाज खाली यायचा. माझ्या घरात, माझ्याच आसऱ्याला आलेल्या बाईनं मला एका प्रश्नात अतुलच्या ओळीत नेऊन बसवलं होतं, असं मला वाटलं. तिच्या मनात तसं काही नसेलही. माझ्या मनात होतं.

आता साखळी. मंडळाची फोनची साखळी ही माझीच अक्कल. हिवाळ्यात बर्फ पडून कार्यक्रम कॅन्सल केला तर साठ घरांना कळवायचं कसं, म्हणून अध्यक्ष झाल्यावर मी तक्ता केला. प्रत्येकानं पुढच्या तिघांना फोन करायचा, शेवटच्या घरांनी 'पोचलं' म्हणून मंडळाच्या कांचनताईंना सांगायचं, आणि कांचनताईंनी मला. दोन वर्षांत साखळी कधी तुटली नाही, याचा मला कोण अभिमान. शुक्रवारी दुपारी अतुल कांचनताईंच्या घरी जाऊन रडला आणि कांचनताईंनी साखळी सोडली. साठ घरांत फोन वाजले. सुमेधा तुमच्याकडे आली का? वाईट कुणाच्या मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. काळजीच होती सगळ्यांना. केवढी ही थंडी, पोरीला देश नवा, गाडी येत नाही, कुठे गेली असेल. ती काळजी घराघरातून पुढे सरकत आली, आणि प्रत्येक घरातून 'नाही' आल्यावर तिला लपायला उरलेली जागा एका घरानं कमी होत गेली. पाच वाजता माझा फोन वाजला. वॉल्टरचा बार होऊन तासही झाला नव्हता.

कांचनताई मंडळात सगळ्यांत मोठ्या, मला अरेतुरे करणाऱ्या इथल्या एकट्याच. त्या म्हणाल्या, "दिगंबर, सगळी लिस्ट झाली रे. सगळीकडून नाही आलं. तुझं एकच घर राहिलं." मग त्या बोलत राहिल्या. अतुलची अवस्था, त्याच्या आईचा पुण्याहून आलेला फोन, हल्लीच्या मुलींना सहनशक्ती कशी नाही, नवराबायकोत भांड्याला भांडं लागायचंच, आणि हे सगळं सांगताना त्यांच्या आवाजात एक धाप होती, चढ चढून आल्याची, आनंदाची. मी हं, हं करत होतो. मराठी माणूस फोनवर हं करतो त्याचा अर्थ एवढाच की ऐकतोय, बोला पुढे. तो बंद झाला तर पलीकडचा हॅलो हॅलो करायला लागतो. वॉल्टर एकदा मला म्हणाला होता, तू फोनवर सगळ्यांना येस येस का म्हणत असतोस? त्याला ते समजावून सांगताना मी थकलो होतो. तर मी हं करत होतो, आणि कांचनताई त्याच ओघात म्हणाल्या, उत्तराशी तिचं बरं जमतं, तुझ्याकडेच असेल ना ती, आणि मी हं म्हटलं.

मी आवाजांचा माणूस आहे, मला स्वतःला फसवता येत नाही. ऐकतोय म्हणायचा हं सपाट असतो आणि तोकडा असतो. होकाराचा हं खाली उतरतो आणि थोडा लांबतो. माझा उतरला. तो उतरताना मी ऐकला, आणि तो उतरत असताना मला आनंद झाला. भीती नंतर आली, लाज तर दोन दिवसांनी आली, आधी आनंद. वीस वर्षं या देशात काढली, कुठल्याही ओळीत माझी जागा अशी नव्हती. लॅबमध्ये मी परका, वॉल्टरला डिग्ज, मंडळात तक्ते करणारा. त्या एका क्षणात साठ घरांचा आवाज माझ्यापाशी येऊन थांबला होता आणि माझ्यावाचून तो पुरा होत नव्हता. पलीकडे कांचनताईंनी ते टिपलं. मग म्हणाल्या, "बरं, बरं. काळजी मिटली." तेव्हाही मला नाही म्हणता आलं असतं. अहो तसं नव्हे, मी नुसतं ऐकत होतो, असं म्हणता आलं असतं आणि त्यांनी ते मानलंही असतं. मी म्हटलं, उद्या येताना सावकाश या, रस्ते निसरडे आहेत.

फोन ठेवला तर सुमेधा जिन्यात उभी होती. तिनं कुणाचा फोन म्हणून विचारलं. मी मंडळाचं काहीतरी म्हणून सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ते खरं मानायचं ठरवलं. माणूस ठरवतो तेव्हा ते चेहऱ्यावर दिसतं. त्या संध्याकाळी तिनं वरणफळं केली, माझ्या ताटात दोनदा वाढली. मी उत्तरालाही काही बोललो नाही. जेवून उठल्यावर सुमेधा म्हणाली की आता मध्ये दोनच दिवस.

शनिवारी सकाळी उत्तरा लायब्ररीत गेली. दहाच्या सुमाराला सुमेधा सिंकपाशी कप विसळत होती. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. तिचा हात थांबला, मान उचलली गेली, आणि या वेळी ती खाली आली नाही. कप तिनं अगदी हळू, आवाज न करता ओट्यावर ठेवला. माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, नाही म्हणा." एवढंच. पळायला मागचं दार होतं, पण मागे उघडं आवार आणि पानांचे ढीग. ती वर गेली, सीमाच्या खोलीचं दार लागल्याचं मी ऐकलं. मग गाडी माझ्याही कानांवर आली. दारात कांचनताई, त्यांचे यजमान श्रीराम आणि मागे अतुल, हातात मिठाईचा बॉक्स. अतुलनं माझ्या पायांना हात लावला. कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण कुणी विचारलंच नाही. कांचनताईंनी नुसतं वर पाहिलं आणि मी बाजूला झालो.

आरडाओरडा झाला नाही. दाराबाहेरून कांचनताई गोड आवाजात समजूत घालत होत्या. वेडी का तू, घरचं भांडण घरात मिटवायचं, आम्ही आहोत ना. श्रीराम घड्याळ बघत होते. अतुल जिन्याच्या पायरीवर बसून रडत होता, आणि ते रडणं खोटं नव्हतं, हीच त्यातली वाईट गोष्ट. वीस मिनिटांनी दार उघडलं. ती पिशवी घेऊन खाली आली, माझ्या अंगावरून गेली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. स्वेटर वर खुर्चीवर घडी घालून ठेवलेला होता. उत्तरा दुपारी आली, घर बघून तिला कळलं. त्यांना कसं कळलं, तिनं विचारलं. मी म्हटलं, साखळी. "आपल्याकडे फोन आला होता?" आला होता. "मग तुम्ही काय म्हणालात?" मी म्हटलं, काही नाही, ऐकतोय म्हणून नुसतं हं म्हटलं. पंचवीस वर्षं तिनं माझे हं ऐकले आहेत. ती उठली आणि वर गेली.

म्हणून मी रविवारी त्या पायरीवर बसलो होतो. काही वेळानं थंडीनं पाय बधिरले तेव्हा उठलो, पुडकं आत आणलं आणि सोडलं. स्वच्छ कापलेलं, चांगलं मांस होतं. वॉल्टरचा हात नीटनेटका आहे. टाकून देता आलं असतं. कचऱ्याचा डबा तीन पावलांवर होता. मी कांदा चिरला, खोबरं भाजलं, आईकडून आलेला मसाला काढला. घरभर वास सुटला. एकटाच जेवलो. चविष्ट होतं, हे लिहायला लाज वाटते, पण होतं. दोनदा भात घेतला. सोमवारी सकाळी नऊला सुनेत्रा आली. रविवारची ड्युटी संपवून रातोरात निघालेली, गाडी चालू ठेवूनच दारात आली. मी सांगितलं. ती म्हणाली की बुधवारी फोनवर बोलणं झालं तेव्हा तिनं मला डॉक्टर समजून विश्वास ठेवला होता. मी म्हटलं, मी तो डॉक्टर नाही. ती निघून गेली. अतुलच्या घरी गेली तेव्हा तिथे कुणी दार उघडलं नाही, हे उत्तराकडून पुढे समजलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू जानेवारीत चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये झालं. बर्फ पडला नाही, साखळी लागली नाही. सुमेधा काळ्या साडीत आली होती, केस डाव्या बाजूनं पुढे घेतलेले. कांचनताई तिला हाताला धरून फिरवत होत्या आणि सांगत होत्या की पोरगी बघा कशी शांत झाली. झालीच होती. तेवढ्यात कुणाच्या हातून स्टीलच्या ताटांची चळत पडली, डाव्या कोपऱ्यात. सगळ्यांच्या माना डावीकडे वळल्या. सुमेधाची उजवीकडे वळली. क्षणभर ती रिकाम्या भिंतीकडे बघत राहिली, मग इतरांच्या माना बघून तिनं आपली दुरुस्त केली. मला दुसऱ्या तपासणीची गरज नव्हती. एका कानानं जगणाऱ्याला आवाज येतो, दिशा कळत नाही. नुसता पडदा फाटला असता तर एव्हाना भरून आला असता. हे आतलं होतं, न भरणारं. आता कुठलीही गाडी कुठून येतेय हे तिला कधीच समजणार नव्हतं. तरीही मी तिच्या मागे जाऊन डाव्या बाजूला खिशातल्या किल्ल्या वाजवल्या, एकदा हळू, एकदा जोरात. ती हलली नाही. अठरा वर्षांची सवय, दुसरं काय.

जेवणाच्या लांब टेबलापाशी ती तिळगुळाच्या पुड्या बांधत बसली होती. समोर उत्तरा, हातानं तेच करणारी. अतुल पलीकडे माइकशी खटपट करत होता. मला बोलायचं होतं. दोन महिने ते वाक्य माझ्या घशात अडकून बसलं होतं आणि त्यामुळे मला झोप नव्हती, हे खरं आहे. तिच्या उजवीकडची खुर्ची रिकामी होती. डावीकडचीही होती. मी डावीकडे बसलो, तिच्या कानापाशी झुकलो आणि स्पष्ट, नीट आवाजात म्हणालो, "सुमेधा, मी मुद्दाम केलं. मला माफ कर." तिची बोटं पुडी बांधत राहिली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, अगदी खरोखरच उतरलं, आणि मी मागे टेकून बसलो. उत्तरानं हातातली पुडी खाली ठेवली.

"तिला त्या कानानं ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," मी म्हटलं.